कुंपण कोणाचें?

“कुंपणच शेत खातें” ही म्हण आपण राखणदारानेंच चोरी केली असतां वापरतों. परंतु शब्दशः घेतली तरी ती खोटी नाहीं. दोन घरांमधलें कुंपण किती जमीन खातें हें मोजतां येतें. किती वर्षांचा घरोबा खातें हें मात्र कोणत्याही मोजणीच्या नकाशांत उमटत नाहीं. गेल्या महिन्यांत एका परिचित गृहस्थांनीं मला विचारलें, “मास्तर, आमच्या आणि शेजाऱ्यांच्या मधली वई दोन वर्षें कोणींच छाटलेली नाहीं. तें काम कोणाचें?” प्रश्न साधा होता, पण उत्तर देतांना मी अडखळलों. कारण याच जातीच्या एका प्रश्नाचें उत्तर मीं स्वतः पूर्वीं चुकविलें आहे. म्हणून या महिन्यांत त्याच विषयावर चार शब्द लिहावयाचें योजिलें आहे.

कुंपण म्हटलें कीं शहरांतील वाचकांच्या डोळ्यांपुढें विटांची भिंत किंवा तारेची जाळी येते. आमच्या कोंकणांत त्याचे प्रकार अधिक. जांभ्या दगडांचा, चुन्यामातीवांचून नुसता रचलेला गडगा हा एक. शेर, निवडुंग, निरगुडी, मोगली एरंड यांची जिवंत वई हा दुसरा. आणि दरवर्षीं नव्यानें घालावी लागणारी वाळल्या कांट्यांची वई हा तिसरा. देशावरील जुन्या बंगल्यांभोंवतीं कोयनेल किंवा मेंदी लावण्याचा प्रघात होता. प्रत्येकाचा स्वभाव निराळा. गडगा पावसाळ्यांत ढांसळतो. शेराला गुरें तोंड लावीत नाहींत, पण त्याचा चीक डोळ्यांत गेला तर इजा होते. म्हणून तो छाटण्यापूर्वीं दोन्ही घरचीं मुलें दूर करावीं लागतात. मेंदी वेळच्या वेळीं न छाटली तर वर वाढते आणि खालून उघडी पडते. शिवाय जिवंत कुंपण एका रेषेवर लावलें तरी कांहीं वर्षांत दोन्ही बाजूंस हातहातभर पसरतें, आणि मूळ रेषा त्याच्या पोटांत कोठें होती हें सांगणारा कोणी उरत नाहीं. तंट्याचें बीज बहुधा येथेंच पडतें.

मालकीचा नियम पाहूं गेल्यास सरळ आहे. ज्यानें आपल्या हद्दीच्या आंत, आपल्या खर्चानें कुंपण घातलें, त्याचें तें. तें छाटणें, दुरुस्त करणें, पडल्यास उचलणें हें त्याचेंच काम. दोघांनीं मिळून नेमकें हद्दीवर घातलें असेल तर तें दोघांचें. मग तें पाडणें, उंच करणें किंवा त्यावर आपल्या पडवीचे वासे टेकणें या गोष्टी एकट्यानें करावयाच्या नाहींत. परंतु या दोन्ही उत्तरांना हद्द ठाऊक असावी लागते. आधीं हद्द, मग कुंपण, मग मालकी असा हा क्रम आहे. आपण बहुतेक लोक तो उलटा धरतों. कुंपण दिसतें तेथें हद्द मानतों, आणि तें हललें म्हणजे हद्दही निमूटपणें त्याच्याबरोबर हलते.

आपल्या पूर्वजांनीं हा विषय क्षुद्र मानिला नव्हता. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायांत व्यवहाराचीं अठरा पदें सांगितलीं आहेत, त्यांत सीमाविवाद हें एक स्वतंत्र पद आहे. त्याच अध्यायांत शेताच्या कुंपणाचें मापही दिलें आहे. उंटाला वरून आंत पाहतां येऊं नये इतकें तें उंच असावें, आणि कुत्र्याचें किंवा डुकराचें तोंड शिरेल असें एकही भोंक त्यांत राहूं देऊं नये. हद्दीचा निर्णय ज्येष्ठ महिन्यांत करावा, कारण तेव्हां खुणा स्पष्ट दिसतात. गांवाच्या सीमेवर वड, पिंपळ, पळस, सांवर, ताड अशीं झाडें लावावीं. इतक्यावरही भागत नाहीं, म्हणून जमिनीखालीं गुप्त खुणा पुरून ठेवाव्या: दगड, हाडें, कोंडा, राख, खापऱ्या, विटा, कोळसे, वाळू, थोडक्यांत, जे पदार्थ माती लवकर खाऊन टाकीत नाहीं ते. कारण हद्दीविषयीं लोकांना नेहमीं भ्रम होतो, असें स्मृतिकार स्वच्छ सांगतो. शेत, विहीर, तळें, बाग आणि घर यांच्या हद्दींचा निर्णय मात्र शेजाऱ्यांच्या साक्षीवर करावा असें त्याचें मत आहे. कौटिल्यानेंही घर, शेत, बाग यांच्या तंट्यांत शेजाऱ्यांवरच भिस्त ठेविली आहे. ज्याच्याशीं तंटा होण्याचा संभव सर्वांत अधिक, त्यालाच साक्षीस बोलवावयाचें, यांतील व्यवहारज्ञान मला फार उशिरां कळलें.

पुढें इंग्रजी अंमलांत मुंबई इलाख्यांत जी पद्धतशीर जमीनमोजणी झाली, तिचा पाया १८३५–३६ च्या सुमारास इंदापूर तालुक्यांत गोल्डस्मिड व विंगेट या अधिकाऱ्यांनीं घातला. तेहतीस फूट लांब व तेहतीस फूट रुंद म्हणजे १,०८९ चौरस फुटांचा गुंठा, आणि ४० गुंठ्यांचा एकर, हें माप आजही आपल्या बोलण्यांत आहे. साखळी व फळा यांच्या जागीं आतां उपग्रहांच्या साहाय्यानें चालणारीं यंत्रें आलीं आहेत. पण हद्दीच्या दगडाचें महत्त्व कमी झालेलें नाहीं. १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेनें हद्दीच्या खुणा नीट राखण्याची जबाबदारी जमीनधारकावर टाकिली आहे, आणि त्या बुद्ध्या नष्ट करणाऱ्यास दंड सांगितला आहे.

कायद्याच्या आणखी दोन गोष्टी प्रत्येक कुटुंबांतील निदान एका माणसाला तरी ठाऊक असाव्या. १८८२ च्या कायद्याप्रमाणें दुसऱ्याच्या जागेवरून जाण्यायेण्याचा, पाणी सोडण्याचा किंवा खिडकींतून उजेड घेण्याचा उपभोग वीस वर्षें उघडपणें, अखंडपणें व हक्क म्हणून घेतला, तर तो खरोखरच हक्क होऊन बसतो. आणि १९६३ च्या मुदतीच्या कायद्याप्रमाणें, आपली जागा दुसऱ्यानें आपली म्हणून बारा वर्षें बळकावून ठेविली, तर ती परत मागण्याचा आपला दावा मुदतबाह्य होतो. म्हणजे भिडेखातर गप्प बसण्यालाही कायद्यांत किंमत आहे, आणि ती गप्प बसणारालाच द्यावी लागते. या बारा वर्षांशीं माझी स्वतःची गांठ पडली, ती हकीकत आतां सांगतों.

आमचें घर रत्नागिरी जिल्ह्यांतील एका खेड्यांत. आमच्या व शेजारच्या आवारांमध्यें कंबरेइतक्या उंचीचा जुना गडगा होता आणि त्यांत एक बेडें होतें. बेडें म्हणजे दोन खांबांच्या भोंकांतून सरकविलेले आडवे वासे. ते बाजूस सारले कीं वाट मोकळी. त्या बेड्यांतून दिवसांत दहा वेळां वाट्या जात येत. शेजारचे काका माझ्या वडिलांच्या वयाचे. एका टोंकाला गडगा फार दिवसांपासून पडका होता, आणि तेथल्या दगडांच्या ढिगाऱ्यांत रातांब्याचें एक झाड वाढलेलें होतें. त्याचे रातांबे दोन्ही घरचीं मुलें वेंचीत आणि आमसुलें दोन्ही घरीं होत. झाड कोणाचें हा प्रश्न कोणीं विचारलेला मला आठवत नाहीं.

१९९४ च्या पावसाळ्यांत तो गडगा साठ फूटभर ढांसळला. दिवाळीच्या सुटींत मीं गडी लावून तो नव्यानें रचावयास घेतला. हातभर खणल्यावर गड्याला जुन्या पायाचे चिरे लागले. त्यानें मला बोलावून ते दाखविले आणि जुनी ओळ येथून जाते असें सांगितलें. ती ओळ रातांब्याच्या अलीकडून, म्हणजे आमच्या बाजूनें जात होती. मला तें रुचलें नाहीं. वडील त्या झाडाचे रातांबे काढीत, तेव्हां झाड आमचेंच, असें मीं मनाशीं ठरविलें आणि गड्याला म्हणालों, “तो वाकडा पाया राहूं दे. झाडाच्या पलीकडून सरळ ने.”

दुसऱ्या दिवशीं सकाळीं काका आले. थोडा वेळ उभे राहून ते म्हणाले, “अरे मास्तर, गडगा जरा आमच्याकडे आलासा वाटतो. एकदां दोघे मिळून बघूं या का?”

मी म्हणालों, “काका, रेषा अगदीं सरळ आहे. मीं स्वतः दोरी धरून पाहिली आहे.”

दोरी सरळ होती यांत शंका नाहीं. ती फक्त चुकीच्या जागीं बांधलेली होती. काका कांहीं न बोलतां परत गेले. नव्या गडग्यांत बेडें ठेवावयाचें तर खांब आणावे लागले असते. “तें मागाहून पाहूं,” असें मीं गड्याला सांगितलें. तें मागाहून पाहणें साडेबारा वर्षें झालें नाहीं. वाट्या थांबल्या. मुलांना एकमेकांकडे जावयाचें तर पाखाडी उतरून रस्त्यानें वळसा घालून जावें लागे. हळूहळू तींही जाईनाशीं झालीं. भांडण म्हणावें तर एक शब्दही झालेला नव्हता. २००५ सालच्या पावसाळ्यांत एका रात्रीं गडग्यापलीकडून रडण्याचा आवाज आला. बॅटरी घेऊन, वळसा घालून, चिखल तुडवीत मी पोंचलों, तेव्हां खालच्या वाडींतील माणसें माझ्या आधीं येऊन काकांच्या उशाशीं बसलेलीं होतीं.

पुढें २००७ सालीं आम्हां भावाभावांतील वांटणीच्या निमित्तानें आवाराची सरकारी मोजणी झाली. मे महिन्याचा शेवटचा आठवडा होता, अधिक ज्येष्ठ चालू होता, आणि गवत वाळून सगळ्या खुणा उघड्या पडल्या होत्या. लगतच्या धारकांना नोटिसा गेल्या. काकांचा मुलगा मुंबईहून आला. भूकरमापकानें तिपाईवर आपला फळा मांडला, साखळी ओढली आणि गडग्याच्या अलीकडे, आमच्या बाजूस, चार फुटांवर खूण केली. तेथें पहार मारतांच जुन्या पायाचे चिरे वाजले. साठ फूट लांब व चार फूट रुंद, म्हणजे अवघी २४० चौरस फूट जागा. पाव गुंठाही भरत नव्हती.

त्या रात्रीं माझा धाकटा भाऊ मला म्हणाला, “दादा, बारा वर्षें होऊन गेलीं आहेत. एकदां वकिलाला विचारूं या. कदाचित् जागा आतां आपलीच ठरेल.” त्याचें म्हणणें कायद्यास सोडून नव्हतें. पण मला आठव्या अध्यायांतील दुसरी एक गोष्ट आठवली. दुसऱ्याचें घर, तळें, बाग किंवा शेत जो धाक घालून घेईल त्याला पांचशें पण दंड, आणि जो अज्ञानानें घेईल त्याला दोनशें. माझा दंड कोणता? गड्यानें पाया दाखविला नसता, तर दोनशें. त्यानें तो दाखविला होता. काकांना मीं धाक घातला नव्हता असें मी पुष्कळ वर्षें मनाशीं म्हणत असें; पण भांडण नको म्हणून माघार घेणाऱ्या म्हाताऱ्या माणसापुढें मास्तरकीच्या आवाजांत बोलणें याला दुसरें नांव मला त्या रात्रीं सुचेना.

सकाळीं मी काकूंकडे गेलों. त्या अंगणांत रातांब्यांचीं सालें वाळत घालीत बसल्या होत्या. मीं सांगितलें, “काकू, तें झाड तुमचें आहे. मी माझ्या खर्चानें गडगा मागें घेतों.”

त्यांनीं मान वर केली नाहीं. म्हणाल्या, “अरे, हे म्हणायचे, मास्तराला कळेल तेव्हां कळेल, झाड काय चालत जातंय? गडगा घे तुझ्या सवडीनं. पण बेडं आधी कर. मला आता रस्त्यानं फिरून यायला होत नाही.”

साडेबारा वर्षें मीं चार फुटांचा हिशेब करीत होतों. काकूंना ते चार फूट तितके नको होते; त्यांना बेडें हवें होतें.

या अनुभवावरून कांहीं गोष्टी वाचकांपुढें ठेवितों. पहिली अशी कीं हद्द गोडी असतांना निश्चित करावी. तंटा झाल्यावर मोजणी मागविली तर ती चढाई वाटते. तंट्यापूर्वीं दोघांनीं मिळून मागविली तर तें केवळ एक घरचें काम असतें. भूमि अभिलेख कार्यालयाकडे अर्ज करण्यापूर्वीं स्वतः शेजाऱ्यांकडे जाऊन सांगावें. सरकारी नोटीस हीच पहिली वार्ता म्हणून त्यांच्या हातीं पडूं देऊं नये. मोजणीच्या वेळीं दोन्ही घरांतील एकेक तरुण मुलगा किंवा मुलगी बरोबर उभी करावी, म्हणजे पुढच्या पिढीला साक्षीदार राहतो. नकाशाची प्रत दोन्ही घरीं असावी.

दुसरी गोष्ट. भिंतीचा पाया पुरता आपल्या हद्दींत घ्यावा, आणि जिवंत कुंपण तर हद्दीपासून हात दीड हात आंत लावावें, म्हणजे तें पसरलें तरी शेजाऱ्यांना उपद्रव होत नाहीं आणि दुसरी बाजू छाटावयास त्यांच्या आवारांत शिरावें लागत नाहीं. हात दीड हात जमीन फुकट गेली असें कोणी म्हणेल. पण ती आपलीच राहते, हें नकाशा सांगतो. भिंत बांधली तर शेजाऱ्यांकडील बाजूही नीट लिंपून द्यावी. आपल्याकडे गुळगुळीत गिलावा आणि त्यांच्याकडे उघड्या विटा, हें दररोज सकाळीं त्यांना दिसत असतें.

तिसरी गोष्ट फांद्यांची. शेजाऱ्यांच्या झाडाची फांदी आपल्या हद्दींत आली, तर ती हद्दीपर्यंत छाटण्याचा अधिकार आपणांस आहे. मात्र त्यासाठीं त्यांच्या आवारांत जातां येत नाहीं, आणि छाटलेली फांदी व तिच्यावरील फळें झाडाच्या मालकाचींच राहतात. इंग्रजी न्यायपद्धतींतून आलेला हा नियम आहे. शहरांत तर १९७५ च्या वृक्षजतनाच्या कायद्यामुळें झाड तोडावयाचें झाल्यास परवानगी लागते. कायदा इतकाच आहे. शेजारधर्म असा कीं कोयता हातीं घेण्यापूर्वीं एक हांक मारावी, आणि ज्यांच्या अंगणांत वर्षभर आपल्या आंब्याचा पाचोळा पडतो, त्यांच्याकडे पहिली पाटी पोंचती करावी. पागोळ्यांच्या आणि मोरीच्या पाण्याचेंही तसेंच आहे. आपल्या छपराचें पाणी आपल्याच आवारांत उतरेल अशी पन्हळ आपण लावावी; शेजाऱ्यांनीं सांगेपर्यंत थांबूं नये.

चौथी गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. परवानगीनें घेतलेला उपभोग कितीही वर्षें चालला, तरी त्याचा हक्क होत नाहीं. म्हणून शेजाऱ्यांना वाट, पाणी किंवा गुरें बांधावयास जागा द्यावयाची असेल, तर ती आनंदानें द्यावी आणि “आमच्या संमतीनें दिली आहे” अशा दोन ओळी दोघांच्या सहीनें लिहून ठेवाव्या. पुष्कळांना हें लिहिणें अविश्वासाचें वाटतें. मला तें उलट वाटतें. ज्याला आपली वस्तु नाहींशी होईल अशी धास्ती असते, तो देतांना हात आंखडतो. जें आपलें म्हणून निश्चित आहे, तेंच मोकळ्या हातानें देतां येतें. ज्याची हद्दच संदिग्ध आहे, त्याच्या हातून दान घडत नाहीं. घडते ती केवळ गैरसमजूत.

पांचवी गोष्ट अर्थात् बेड्याची. शहरांत भिंत असेल तर बेड्याच्या जागीं एखादें लहान फाटक ठेवावें. तेंही शक्य नसेल तर भिंतीची उंची एका ठिकाणीं तरी इतकी असावी कीं वाटी पलीकडे देतां येईल. मनूचें उंटाचें माप शेतासाठीं आहे. दोन घरांमध्यें तें लावण्याचें कारण नाहीं.

आमचा गडगा त्याच वर्षीं पाऊस सुरू होण्यापूर्वीं जुन्या पायावर परत गेला. बेडें त्याच्याही आधीं झालें. काकू पुढें चार वर्षें त्यांतून येत असत. रातांब्याचें झाड आतां पलीकडे आहे, आणि दर वैशाखांत त्याची एक टोपली इकडे येते. झाड आमच्या ताब्यांत असतांना मीं एकही टोपली तिकडे पाठविली नव्हती, हें येथें नमूद करणें भाग आहे.

वई छाटण्याविषयीं विचारणाऱ्या त्या गृहस्थांना मीं सांगितलें कीं, बुंधे ज्याच्या जमिनींत, वई त्याची आणि छाटणीही त्याचीच. बुंधे कोणाच्या जमिनींत आहेत हें ठाऊक नसेल, तर मोजणी होईपर्यंत रविवारीं सकाळीं कोयता घेऊन आपल्या बाजूनें आपण सुरुवात करावी, आणि सुरुवात करण्यापूर्वीं पलीकडे हांक मारावी. ते म्हणाले, “आणि त्यांनीं ओ दिली नाहीं तर?” मीं म्हटलें, “पुढच्या रविवारीं पुन्हा मारा. मीं साडेबारा वर्षें मारली नव्हती.”